तक्ता क्रमांक चार

सायखेड्याच्या अलीकडच्या त्या गावात सावळीराम गेणू गांगुर्डे हे नाव विचारत गेलात तर लोक विचारात पडतील. 'कलवाले सर' म्हणा, शेंबडं पोरगंसुद्धा शाळेपर्यंत आणून सोडेल.

सर तसे चित्रकलेचे. एकतीस वर्षं फळ्यावर एकच मोर काढत आलेले. मोर चांगला येतो, पण त्याची मान दर वर्षी त्याच बाजूला वळलेली असते. बाप गेणू रेल्वेत गँगमन होता. दहावीनंतर पोराला कुठं घालायचं हे त्यानं मुकादमाला विचारलं. मुकादमाचा मेव्हणा ड्रॉइंग मास्तर होता आणि त्याचं बरं चाललं होतं. एवढ्यावर सावळीरामचं ठरलं. आवड कशाची आहे, असं त्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्याला सांगता आलं असतं असंही नाही.

अकरा वर्षांपूर्वी शाळेनं कल चाचणीचं काम घ्यायचं ठरवलं, तेव्हा दहा दिवस नाशिकला गंगापूर रोडला जाऊन शिकून यायला एक माणूस पाहिजे होता. गणित-सायन्सवाल्यांना वेळ नव्हता. सर नाशिकरोडलाच राहतात आणि चित्रकलेचा तास बुडाला तर कोणाचं अडत नाही, म्हणून त्यांना धाडलं. तिथं शिकणाऱ्यांनाच आधी चाचणी द्यायला लावली. सरांचा कल निघाला कारकुनी कामाकडं. घरी येऊन बायकोला, उज्वलाबाईंना, त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे मी वीस वर्षांपूर्वीच सांगितलं असतं, भाकरी भाजता भाजता."

खोटं नव्हतं. सरांना रेघा मारायला आवडतं. रकाने आखायला, गठ्ठे बांधायला, गठ्ठ्यावर साल टाकायला आवडतं. शिकून येताना सोबत एक निळी पत्र्याची पेटी आली. तिच्यात प्रश्नपुस्तिका, भोकं पाडलेल्या उत्तराच्या पट्ट्या आणि तक्ते. पेटी आली आणि सरांचं जसं तिच्याशी लग्न लागलं. दर जानेवारीत दहावीच्या पोरांना हॉलमध्ये लांब लांब बसवायचं. उत्तरपत्रिकेवर पट्टी ठेवून भोकातून दिसणाऱ्या खुणा मोजायच्या. तो आकडा तक्त्यात बघायचा. तक्ता सांगतो की शंभरांत हे पोर कितव्या पायरीवर आहे. पंच्याहत्तरच्या वर गेलं की सर त्या बाजूची शिफारस लिहितात. जून महिन्यात दहावीच्या दाखल्याबरोबर पोराला तो कागद मिळतो. जुन्या उत्तरपत्रिका सरांनी एकही फेकलेली नाही. खडूच्या रिकाम्या खोक्यांत वर्षवार लावून ठेवल्यात.

पहिली दोन-तीन वर्षं लोकांनी हसण्यावारी नेलं. नाशिकरोडच्या कॉलनीतून येणारा चित्रकलेचा मास्तर आपल्या पोराचं काय सांगणार. मग सरांनी ज्याला 'विद्युत' लिहून दिलं होतं तो एक जण वायरमन होऊन बोर्डात लागला. दुसऱ्याला सायन्स नको म्हणून लिहिलं होतं, त्यानं सायन्सच घेतलं आणि बारावीला आपटला. त्यानंतर लोक कागद घडी घालून खिशात ठेवायला लागले. घरात वाद झाला की म्हणायचे, "सरांचा कागद काय म्हणतो ते बघा ना." गावात शब्दाला एवढं वजन यायला सरांना सात-आठ वर्षं लागली. ते वजन त्यांना कळत होतं, आणि आवडत होतं.

पालकसभेत ते एक गोष्ट हमखास सांगत. मुलींचा यंत्राकडं कल नसतो. आपलं मत नाही हे, आकडे बोलतात. अकरा वर्षांत यंत्राच्या भागात एकही मुलगी पंच्याहत्तरच्या वर गेलेली नाही. बाया पदर सावरून ऐकायच्या, गडी माना हलवायचे. ते तर आधीपासूनच माहीत होतं, आता चाचणीनंही सांगितलं.

यंदा नाथा खालकरची तेजल दहावी झाली. नाथाची द्राक्षबाग आहे. पोरीला नाशिकला पॉलिटेक्निकला जायचं होतं, मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता. नाथाचं म्हणणं, गावातच अकरावी कला कर, घर सांभाळून होतं. मे महिन्यात रोज ताटावर हाच विषय. शेवटी एक दिवस सकाळी डेअरीवर दूध घालताना राजू कुटेनं त्याला डिवचलं. राजू डेअरीचं संकलन केंद्र चालवतो. तो म्हणाला, "नाथाभाऊ, पोरगी ट्रॅक्टर खोलणार म्हणती, अन् तुला तर अजून विहिरीवरच्या मोटारीचं स्टार्टर भेव दाखवतं."

लोक हसले. नाथाला लागलं. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मी कोण ठरवणारा? कलवाले सर सांगतील ते. कागद म्हणला मशीन, तर मशीन. नाय म्हणला तर कला. खालकराचा शब्द हाय."

डेअरीवर दिलेला शब्द म्हणजे अख्ख्या गावात दिलेला शब्द. सकाळी सहा ते आठ तिथं येत नाही असं घर नाही.

जूनमध्ये कागद आला. यंत्रविषयक तर्क : पंचावन्न. शिफारस : कला शाखा. नाथानं तो डेअरीवर दोघा-तिघांना दाखवला आणि विषय संपवला.

तेजल दुसऱ्या दिवशी शाळेत आली. सर कपाटातली खोकी लावत होते. तिनं विचारलं, सर, मला किती मार्क होते आणि ते पंचावन्न कसे झाले, दाखवता का. असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. सरांना खरं तर बरं वाटलं. त्यांनी तिची उत्तरपत्रिका काढली, पट्टी ठेवली, मोजून दाखवलं. चाळिसांपैकी सत्तावीस. मग तक्ता क्रमांक चार काढला. सत्तावीसच्या पुढं पंचावन्न. हिशेब चोख होता.

तक्ते सगळे लॅमिनेट केलेले. पेटी आली त्याच साली तपासणी होती, म्हणून सरांनी गावातल्या ललितच्या झेरॉक्सच्या दुकानातून ते करून आणले होते. तेजलनं चार नंबरचा हातात घेतला, वाकवून बघितला. मग तीन नंबरचा वाकवला. परत चार नंबरचा.

"सर, हा बाकीच्यांसारखा वाकत नाय," ती म्हणाली.

"प्लास्टिक जाड असेल."

"प्लास्टिक तेच हाय. आत दोन कागद हायेत."

तिनं तक्ता खिडकीच्या काचेला लावला. बाहेर ऊन होतं. सरांनी चष्मा पुसून बघितलं. आकड्यांच्या रांगांमागं आकड्यांच्या आणखी रांगा होत्या, फिकट, एकात एक मिसळलेल्या.

सरांनी स्वतः ब्लेड घेतलं आणि पट्टी लावून कड कापली. वाकडी जाऊ नये म्हणून दोनदा मोजून कापली. प्लास्टिकची दोन अंगं सुटी झाली आणि मागचं पान समोर आलं. त्याच्या माथ्यावर छापलं होतं : तक्ता क्रमांक चार (ब), फक्त विद्यार्थिनींसाठी. वरच्या पानाचा माथा नव्हताच. पानं लांब होती, पाकिटात मावत नव्हती, तेव्हा ललितनं वरचं पान माथ्याकडून दोन बोटं छाटलं होतं, खालचं आत दुमडून घातलं होतं, आणि दोन पानं मागंपुढं न ठेवता एकावर एक ठेवून मशीनमधून काढली होती. तपासणी दुसऱ्या दिवशी होती. सरांनी तेव्हा प्लास्टिकला बुडबुडे आले नाहीत ना, एवढंच बघितलं होतं.

बाकी सगळ्या भागांना मुलामुलींचा तक्ता एकच. फक्त यंत्राच्या भागाला दोन. हे गंगापूर रोडला शिकवलंही असणार. सरांना आठवेना.

त्यांनी सुटलेल्या पानावर सत्तावीसच्या पुढं बोट नेलं. ब्याण्णव.

तेजलनंही वाचलं. मग म्हणाली, "सर, पप्पांना तुम्ही सांगाल का? मी सांगितलं तर म्हणतील, हिनंच काहीतरी केलं. फॉर्मला पाच दिवस राहिलेत."

सर हो म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी कपाटातली अकरा खोकी खाली घेतली. शाळा सुटली, शिपाई दोनदा डोकावून गेला. दोनशे सहा मुली होत्या. नव्या पानावर पंच्याहत्तरच्या वर जाणाऱ्या अडतीस निघाल्या. त्यांतल्या एका उत्तरपत्रिकेवर सर जरा थांबले. सहा वर्षांपूर्वीची, साक्षी राजू कुटे. चाळिसांपैकी एकतीस. तेव्हाच्या तक्त्यात बहात्तर. तीन पायऱ्यांनी राहिली होती. राजू तेव्हा मुद्दाम शाळेत आला होता. पोरगी आयटीआयला जायचं म्हणते, रडून गोंधळ घातलाय, काय करू सर? सरांनी त्याला कागद दाखवून सांगितलं होतं, थोडक्यात हुकलंय, पण हुकलंय ते हुकलंय, कलाच घाला. राजूनं घातली होती. दुसऱ्या वर्षाला साक्षीचं लग्न झालं. आता ती सिन्नरला असते, नवरा कारखान्यात आहे, ती घरी ब्लाउज शिवते.

नव्या पानावर एकतीसच्या पुढं सत्त्याण्णव होतं.

घरी त्यांनी उज्वलाबाईंना सगळं सांगितलं. त्या अंगणवाडीचं रजिस्टर भरत होत्या. ऐकून म्हणाल्या, "पान सापडलं नसतं तर?"

"तर काय, पुढच्या जानेवारीत पुन्हा तेच."

"मग सापडलं ते बरं झालं का वाईट?"

सर दप्तर आवरायला लागले आणि बाईंनीही ताणलं नाही. त्यांच्या घरी बोलणं असंच चालतं.

मुख्याध्यापकांचं मत वेगळं होतं. खालकरच्या पोरीला नवा कागद द्या, म्हणाले, टायपिंगची चूक झाली म्हणून सांगा. बाकीच्यांचं काय, त्या आपापल्या घरी सुखात आहेत. जुनं उकरून शाळेचं नाव कशाला घालवायचं, आणि सर, तुमची दोनच वर्षं राहिलीत. ते वाईट हेतूनं बोलत नव्हते. सरांनाही ते पटण्यासारखं वाटलं. त्यांनी नवा कागद टाइप करून घेतला, सही-शिक्का घेतला आणि शिपायाच्या सायकलच्या कॅरिअरला दप्तर लावून नाथाच्या बागेत गेले.

बागेत शेंडे मारायचं काम चाललं होतं. नाथानं बायांना पुढच्या ओळीत लावून दिलं आणि बांधावर येऊन बसला. कागद उलटासुलटा करून बघितला. टायपिंगची चूक, असं सरांनी सुरू केलं, पण अर्ध्यात त्यांचं त्यांनाच जमेना, आणि त्यांनी पान, प्लास्टिक, ललित, ब्लेड असं सगळं सांगून टाकलं.

नाथानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, पान बदललं म्हंजे पोरगी बदलली का? मार्क तर तेच सत्तावीस."

"मार्क तेच."

"अन् तिथं कॉलेजात ती पोरांच्याच बाकावर बसणार ना? मग पोरांचंच माप बरोबर म्हणायचं. पोरींचं वेगळं कशाला?"

सरांनी सांगायचा प्रयत्न केला. मुलांना लहानपणापासून पाना-पक्कड हातात मिळते, मुलींना मिळत नाही, म्हणून मुलींची तुलना मुलींशी करायची. नाथा म्हणाला, हे तुमचं पुस्तकातलं झालं. मग बराच वेळ त्यानं हातातला शेंडा मोडून त्याचे बारीक तुकडे केले.

"मला तिचं वाईट करायचं नाय, सर," तो म्हणाला. "पण मी शब्द दिला डेअरीवर, शंभर माणसात. कागद दाखवला तोबी तिथंच. आता हा दुसरा कागद घेऊन मी गेलो, तर लोक म्हणतील नाथाला पोरीनं नाचवला, अन् मास्तरलाबी नाचवला. चूक माझी हाय का?"

"नाही."

"तिची हाय का?"

"नाही."

"मग ज्याची हाय त्यानं तिथं येऊन सांगावं. जिथं बोललो तिथंच. तुम्ही सांगा, मी तिथंच उभ्या उभ्या हो म्हणतो. नायतर हा कागद तुमच्याजवळ ठेवा."

त्यानं कागद परत दिला, नीट घडी घालून.

फॉर्मला तीन दिवस होते. सर त्या दिवशी घरी गेले, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे आले, तास घेतला, मोर काढला. डेअरीवर जायचं म्हणजे राजूच्या टेबलासमोर उभं राहायचं. तिथं उभं राहून नाथाच्या पोरीचं सांगायचं आणि राजूच्या पोरीचं गिळायचं, हे करता येईल का, याचा विचार त्यांनी केला. करता आलं असतं. राजूनं विचारलं नसतं तर कोणाला कळलं नसतं.

तिसऱ्या दिवशी ते पहिल्या गाडीनं आले आणि साडेसहाला डेअरीवर पोचले. हातात प्लास्टिकची कापलेली पानं होती, दप्तरात एक जुनी उत्तरपत्रिका. राजू टेबलामागं बसून फॅटच्या मशीनला नमुने लावत होता. कॅन, बरण्या, किटल्या घेऊन पंधरा-वीस लोक रांगेत. नाथा रांगेच्या शेवटी, कोणाकडं न बघता उभा. तेजल त्याच्यामागं कॅन धरून.

सर दूध घालत नाहीत, त्यामुळं ते आले म्हणताच रांग त्यांच्याकडं वळून बघायला लागली. त्यांनी थोडक्यात सांगितलं. यंत्राच्या भागाला मुलींचा तक्ता वेगळा असतो. तो माझ्याकडं अकरा वर्षं प्लास्टिकात अडकून राहिला, आणि सगळ्या मुली मी मुलांच्या तक्त्यात बघितल्या. त्यात तेजल खालकरचा कागद चुकला. तिचा कल यंत्राकडं आहे.

कोणाला नीट कळलं नाही. वेगळा तक्ता कशाला, असं एक-दोघांनी नाथासारखंच विचारलं. सर पुन्हा पाना-पक्कड सांगायला लागले. तेवढ्यात रावजीबाबा, ज्यांची एक म्हैस आणि दोन गाई आहेत, त्यांनी काठीनं राजूच्या डोक्यावरची भिंत दाखवली. तिथं फॅटप्रमाणे दराचे दोन तक्ते चिकटवलेले होते. एक गाईच्या दुधाचा, एक म्हशीच्या.

"म्हंजे सर," रावजीबाबा म्हणाले, "तुम्ही अकरा वर्षं गाईचं दूध म्हशीच्या तक्त्यात लावलं."

"हो," सर म्हणाले. "तसंच."

"मग गाय रोजच नापास."

"रोजच."

कोणीतरी हसलं, मग थांबलं. पण कळलं सगळ्यांना. गाईचं साडेतीनचं फॅट सहाच्या पुढं मागणाऱ्या म्हशीच्या तक्त्यात लावलं तर काय होतं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकानं, आमची पोरगी कोणत्या सालातली बरं, असं स्वतःशीच बोटांवर मोजायला सुरुवात केली.

नाथा पुढं आला. "बोललो होतो, सर सांगतील ते," तो म्हणाला, जरा मोठ्यानं, मागच्यांना ऐकू जावं म्हणून. "सरांनी सांगितलं. आज फॉर्म भरतो." मग पोरीकडं न बघता, "कॅन खाली ठेव की, हात भरून येतील," असं म्हणाला. तेजलनं कॅन खाली ठेवला.

राजूनं तोवर मान वर केली नव्हती. मशीननं नमुना घेतला, आकडा दाखवला, तो त्यानं लिहिला. मग विचारलं, "साक्षीला किती होते, सर?"

"एकतीस."

"अन् हिला?"

"सत्तावीस."

राजूनं मान हलवली. मशीन पुढच्या नमुन्यासाठी पिक-पिक करत राहिलं, त्यानं ते बंद केलं.

"नव्या पानात किती बसती ती?"

"सत्त्याण्णव. शंभरातल्या सत्त्याण्णव मुली तिच्या खाली."

"मी आलो होतो शाळेत तुमच्याकडं."

"आला होता."

"तुम्ही म्हणले, हुकलंय ते हुकलंय."

"म्हणालो होतो."

राजूनं टेबलावरची वही बाजूला सारली, खिशातलं पेन काढून सरांपुढं ठेवलं.

"तिचाबी कागद द्या लिहून."

सर म्हणाले, शाळेत जाऊन टाइप करून, शिक्का मारून आणतो. राजू म्हणाला, शिक्का नको. इथंच लिहा, हातानं. रांगेतला एक जण पुटपुटला, आता तिचं लग्न झालं, एक पोर हाय पदरात, कागद घेऊन काय करणार ती. राजूनं पेन सरांकडं आणखी पुढं सरकवलं.

सरांनी दप्तरातून कोरा कागद काढला. सवयीनं आधी चारी बाजूंनी रेघ मारली, मग नाव लिहिलं, भाग लिहिला, गुण लिहिले, पायरी लिहिली. शिफारस : यांत्रिक. अक्षर नेहमीसारखंच, एकसारखं. खाली सही केली आणि पेन वर धरून थांबले.

"तारीख?" त्यांनी विचारलं. "तेव्हाची का?"

"आजची टाका," राजू म्हणाला. "कधी कळलं ते तिला कळू द्या."

सरांनी आजची तारीख टाकली. राजूनं कागद एकदा वाचला, दुधाचा हात लागू नये म्हणून टोकाला धरून घडी घातली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. मशीन सुरू केलं. मग पुढं उभ्या असलेल्या बाईची किटली जवळ ओढून, रोज प्रत्येकाला विचारतो तसं, त्यानं विचारलं, "गाय का म्हैस?"